नायट्रस घ्यायचंय? आधी पेट्रोलचं बोला

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. गेल्या वर्षी त्याने २०१६ सालची मस्टँग जीटी घेतली, सेकंडहँड, लाल रंगाची. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, कागदावर ४३५ हॉर्सपॉवर. एवढ्यात माणसाचं भागायला हवं. पण महिन्याभरात फोन आला, ‘मामा, शंभरचा नायट्रस टाकतोय. ड्राय घेऊ की वेट?’ नायट्रस म्हणजे ताकद वाढवायला बाटलीतून इंजिनात सोडतात तो वायू, शंभर म्हणजे वाढणारी हॉर्सपॉवर, आणि ड्राय-वेट हे त्याच्या किटचे दोन प्रकार.

मी इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चालवून तपासतात तिथे, बावीस वर्षं काढली. त्यामुळे घरात कुणाची स्कूटर सुरू झाली नाही तरी फोन मलाच येतो. मी त्याला विचारलं, ‘जास्तीचं पेट्रोल कुठून येणार?’

‘टाकीतूनच की.’

या उत्तरावरून कळलं, की याला बाटली दिसतेय, बाकी काही दिसत नाहीये. मग तीन आठवडे आमचं रात्रीचं बोलणं चाललं. ते सगळं इथे जरा नीट मांडतो.

चुलीत फुंकणी मारली की जाळ का उठतो? फुंकणीतून लाकूड जात नाही, जाते ती हवा. जळायला लाकूड होतंच, त्याला ऑक्सिजन कमी पडत होता. आता चुलीत लाकूडच नसेल तर फुंकून काय होणार? राख डोळ्यांत जाईल. नायट्रस ऑक्साइड ही इंजिनाची फुंकणी आहे. तो स्वतः जळत नाही, इंधन नाही, स्फोटक म्हणून तर सिलिंडरात मुळीच घालत नाहीत. सिनेमात बटण दाबल्यावर एक्झॉस्टमधून निळा जाळ निघतो आणि गाडी उडते, त्यावरून लोकांचा समज होतो की बाटलीत रॉकेटचं इंधन आहे. ताकद पेट्रोलचीच असते. नायट्रस फक्त जास्त पेट्रोल जाळायची सोय करतो.

कसा? नायट्रसच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. वजनाने पाहिलं तर त्यात ऑक्सिजन ३६ टक्के. आपल्या साध्या हवेत वजनाने २३ टक्के. साधारण ३०० अंश सेल्सिअसला हा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. कॉम्प्रेशन आणि जळण सुरू असलेल्या सिलिंडरात तेवढं तापमान असतंच. मग कुणी विचारेल, सरळ शुद्ध ऑक्सिजनच का सोडू नये? कारण मग जाळ आवरणार नाही. सोबतचा नायट्रोजन जळत नाही, पण उष्णता अंगावर घेतो आणि दाब एकदम चढू देत नाही. भाजी करपू नये म्हणून आपण पाण्याचा हबका मारतो, तसं काहीसं.

दुसरा फायदा गारव्याचा. बाटलीत नायट्रस दाबाखाली द्रवरूपात असतो. बाहेर पडला की त्याची वाफ होते, आणि त्याचा उत्कलनबिंदू आहे उणे ८८ अंश. वाफ होताना तो आत येणाऱ्या हवेतली उष्णता ओढून घेतो. हवा गार झाली की दाट होते, दाट हवेत ऑक्सिजन आणखी जास्त. म्हणजे फुंकणी आणि वर कूलर.

वायू तसा जुनाच. प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ मध्ये तो तयार केला, पुढे हम्फ्री डेव्ही या दुसऱ्या शास्त्रज्ञाने तो हुंगून हसू येतं हे लिहून ठेवलं, आणि दाताच्या डॉक्टरांनी त्याची भूल दिली. इंजिनात तो गाजला दुसऱ्या महायुद्धात. उंचावर हवा विरळ, इंजिनाचा दम जातो, म्हणून जर्मनांनी मेसरश्मिट १०९ सारख्या विमानांवर ‘जीएम-१’ नावाची नायट्रसची यंत्रणा बसवली. नंतर अमेरिकेत ड्रॅग रेसवाल्यांनी, म्हणजे सरळ पट्टीवर थोड्या अंतराच्या शर्यती लावणाऱ्यांनी, तो उचलला. १९७६ च्या डेटोना ५०० या तिथल्या मोठ्या मोटार शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉयट आणि डॅरेल वॉल्ट्रिप या दोन दादा ड्रायव्हरांच्या वेळा नायट्रसवरूनच बाद झाल्या. चोरून वापरावासा वाटावा इतका तो गुणकारी आहे, एवढंच त्यातून घ्या.

आता भाच्याच्या गाडीचा हिशोब. मी तो त्याच्याकडूनच करून घेतला.

पाच लिटरचं इंजिन, ६५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. म्हणजे मिनिटाला १६,२५० लिटर हवा, सेकंदाला २७० लिटर. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे सेकंदाला ३२५ ग्रॅम हवा आणि त्यात ७५ ग्रॅम ऑक्सिजन. शंभर हॉर्सपॉवरच्या शॉटला, म्हणजे तेवढी ताकद वाढवणाऱ्या फवाऱ्याला, ढोबळमानाने सेकंदाला ३६ ग्रॅम नायट्रस लागतो. त्यातला ऑक्सिजन १३ ग्रॅम. ७५ मध्ये १३ मिळवले, म्हणजे सतरा टक्के वाढ. ४३५ चे सतरा टक्के ७४. उरलेली पंचवीसएक हॉर्सपॉवर गारव्यातून येते.

इथपर्यंत तो खूश होता. मग म्हटलं, आता लाकडाचं बोल. फुल थ्रॉटलला हे इंजिन सेकंदाला साधारण २६ ग्रॅम पेट्रोल पितं. त्या ३६ ग्रॅम नायट्रससाठी वर आणखी सहा ग्रॅम लागेल. रसायनशास्त्राच्या काटेकोर हिशोबाने चार ग्रॅम पुरेल, पण नायट्रसवर कुणी शहाणा माणूस काटेकोर चालवत नाही. थोडं पेट्रोल जास्त राहू देतात, त्याने जळण आटोक्यात राहतं. सहा ग्रॅम म्हणजे सध्याच्या जवळजवळ पाव हिस्सा. तुझा पंप ते देईल का? पेट्रोल फवारणारे इंजेक्टर देतील का? इंजेक्टर आधीच ऐंशी-पंच्याऐंशी टक्के वेळ उघडे राहत असतील तर त्यांच्यात जीव उरलेलाच नाही.

तिकडे शांतता. मग, ‘मामा, हे किटच्या डब्यावर लिहिलेलं नाहीये.’

डब्यावर हॉर्सपॉवर लिहितात. पेट्रोल आपण आणायचं असतं.

ड्राय आणि वेट हा वाद खरं तर पेट्रोल कुठून आणायचं, याचाच आहे. ड्राय किटमध्ये नळीतून फक्त नायट्रस येतो. जादा पेट्रोल गाडीच्या मूळच्या इंजेक्टरांनी द्यायचं. त्यासाठी कधी ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, प्रोग्रॅमिंग बदलतात, कधी इंधनाचा दाब वाढवतात, कधी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी नायट्रस सोडतात म्हणजे सेन्सरला हवा जास्त आल्याचं वाटतं. वेट किटमध्ये एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही फवारतात. त्या पेट्रोलसाठी वेगळी नळी, वेगळा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह.

ऐकायला वेट बरं वाटतं. आपलं जेवण आपण घेऊन आलेला पाहुणा. आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीवर ते खरंच बरं. तिथे कार्ब्युरेटरखाली एक पातळ प्लेट बसवतात, त्यातल्या दोन नळ्यांमधून दोन्ही फवारे सुटतात, आणि खालचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा जुडगा, ओलं मिश्रण वाहून न्यायला मुळातच बनवलेला असतो. नव्या गाडीची गोष्ट वेगळी. मस्टँगचा इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे, त्यातले मार्ग लांब आणि वळणाचे. त्यातून फक्त हवा जाईल असं धरून ते काढलेत, कारण पेट्रोल शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारलं जातं. अशा मॅनिफोल्डच्या सुरुवातीलाच पेट्रोल सोडलं तर ते वळणावर हवेतून गळतं, भिंतीवर ओघळतं, खाली साचतं. मग एखाद्या सिलिंडरला जास्त मिळतं, एखाद्याला कमी. आणि साचलेल्या पेट्रोलवर नायट्रस येत असताना व्हॉल्व्हमधून एखादी ठिणगी मागे आली की मॅनिफोल्डच फुटतो. बॉनेट वर उचलल्याचे व्हिडिओ पाहिले असतील, त्यातले बरेचसे असलेच.

ड्रायचा धोका वेगळ्या जातीचा. नायट्रस आला आणि पेट्रोल वाढलं नाही, तर चार-पाच सेकंदांत पिस्टन जातो. मी असा पिस्टन हातात घेतलाय. नायट्रसच्या गाडीचा नव्हता, टेस्ट बेडवर एक इंजेक्टर तुंबला होता, पण कहाणी तीच. वरच्या कडेला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला, मेणबत्ती ओघळावी तसं अ‍ॅल्युमिनियम ओघळलं होतं. वरच्या रिंगची खाच त्यात बुजून गेलेली. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागलं, अगदी नदीतल्या गोट्यासारखं. इंजिनाने त्याआधी आवाजसुद्धा धड केला नव्हता.

तरी भाच्याला मी ड्रायच सांगितलं, कारण त्याच्या गाडीचा ईसीयू हुशार आहे, इंजेक्टर प्रत्येक सिलिंडरला वेगळे आहेत आणि तिकडे ट्यूनर, म्हणजे ईसीयू जुळवून देणारे कारागीर, चांगले मिळतात. अट एकच. आधी डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नायट्रसशिवाय गाडी चढवायची, इंधनाचा दाब आणि इंजेक्टरांचा भार नोंदवायचा, मग किट घ्यायचं. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असती तर न विचारता प्लेट म्हणालो असतो. तिसरा प्रकार डायरेक्ट पोर्ट, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल. दोनशेच्या पुढचे लोक ते करतात. ते रेसवाल्यांचं काम, त्यात शिरत नाही.

किती हॉर्सपॉवरचा शॉट घ्यायचा, हे जेटवर ठरतं. जेट म्हणजे मधोमध मोजून भोक पाडलेली पितळेची बारकी चकती. डबीत वेगवेगळ्या मापाच्या जोड्या येतात, बदलायला पाच मिनिटं. या पाच मिनिटांनीच लोकांची इंजिनं खाल्ली आहेत. कंपनीने बसवलेल्या पिस्टन-कनेक्टिंग रॉडवर चार सिलिंडरच्या इंजिनाला ४० ते ६०, सहाला ७५ ते १००, व्ही-एटला १०० ते १५० हॉर्सपॉवर, असा किटवाल्यांचाच साधारण सल्ला असतो. मी त्याचा खालचा आकडा धरतो. भाच्याच्या इंजिनात ओतीव पिस्टन आहेत आणि कॉम्प्रेशन ११ ला १, म्हणजे जादा दाब सोसायची ताकद बेताचीच. त्याला म्हटलं, तू त्याच्याही खालून, ७५ पासून सुरू कर.

मग टायमिंग. नायट्रसमुळे जळण लवकर उरकतं, म्हणून ठिणगीही जरा उशिरा द्यावी लागते. नेहमीचा ठोकताळा ५० हॉर्सपॉवरला दोन डिग्री मागे. हे विसरलं तर पिस्टन वर येत असतानाच दाब टिपेला पोचतो, हातोडा पडतो. पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटणारं हवं. तिकडच्या पंपावर ९३ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे ९५ दिसलं म्हणजे आपलं भारी, असं समजू नका. त्यांचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, आपला एकाच पद्धतीचा. त्यांचं ९३ आपल्या हिशोबात ९८ च्या आसपास जातं. स्पार्क प्लग एक-दोन पायऱ्या थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे घ्यायचे, गॅप थोडी कमी ठेवायची. लांब टोकाचा गरम प्लग स्वतःच निखारा होऊन बसतो आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो.

भाच्याला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट मात्र विंडो स्विचची. नायट्रस किती आरपीएमपासून किती आरपीएमपर्यंत सुटेल, हे तो स्विच ठरवतो. त्याला वाटलं, ही चैनीची वस्तू आहे. मी म्हटलं, नळाखाली हंडे भरायचेत असं समज. नळाची धार सारखीच आहे. हंडे भराभर सरकवले तर प्रत्येकात थोडं पाणी, रेंगाळत सरकवले तर तोच हंडा भरून वाहणार. जेटमधून नायट्रस सेकंदाला ठरावीक येतो, इंजिन कितीही फिरत असो. म्हणून २५०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ५००० च्या दुप्पट नायट्रस येतो. शंभरचा शॉट तिथे रॉडला दोनशेसारखा लागतो. रॉड वाकतात ते वरच्या आरपीएमला नाही, खालच्या. म्हणून ३००० च्या खाली नायट्रस नाहीच. आणि वर लिमिटरच्या, म्हणजे इंजिनाला त्यापुढे फिरू न देणाऱ्या मर्यादेच्या, दोन-तीनशे आधी बंद, कारण लिमिटरवर ईसीयू पेट्रोल तोडतो आणि नायट्रस येतच राहतो. पुन्हा पिस्टन.

सोबत दोन स्विच हवेतच: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय न चालणारा, आणि इंधनाचा दाब पडला की नायट्रस तोडणारा. हे मिळून शंभर-दोनशे डॉलरचं सामान आहे. किट हजार डॉलरच्या आसपास. त्याच गाडीला सुपरचार्जर लावायचा तर सात-आठ हजार. नायट्रस एवढा स्वस्त वाटतो याचं कारण लोक हे शंभर-दोनशे वाचवतात.

शेवटी बाटली. दुकानदार तिथून सुरुवात करतात, मी शेवटी येतो.

नेहमीची बाटली दहा पौंडांची, म्हणजे साडेचार किलो नायट्रसची. सेकंदाला ३६ ग्रॅमने दोन मिनिटं. पाव मैलाची धाव बारा सेकंदांची धरली तर दहा धावा. प्रत्यक्षात सहा-सात, कारण बाटली रिकामी होत आली की दाब पडतो. बाटली डिकीत झोपवून बसवतात, तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला, लेबल वर. आतल्या नळीचं टोक मागे तळाशी असतं. गाडी सुटली की द्रव मागे सरकतो, नळीच्या टोकापाशी. उलटी बसवली तर ऐन वेळी नळी वाफ ओढते.

आणि दाब. गाडीच्या टायरमध्ये आपण ३३ पीएसआय हवा भरतो. या बाटलीत २१ अंशाला ७६० पीएसआय असतो. किटचे जेट ९०० ते ९५० धरून मोजलेले असतात, ते बाटली तीस अंशाच्या आसपास असताना मिळतात. थंडीत दाब कमी, मग नायट्रस कमी, गाडी ढिम्म. उन्हाळ्यात उलट. नायट्रस जास्त सुटतो, पेट्रोल तेवढंच राहतं, आणि मिश्रणात आपोआप पेट्रोल कमी पडतं. ३६.४ अंशाच्या वर तर नायट्रसचा द्रव आणि वाफ असा भेदच राहत नाही. ह्यूस्टनच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी सहज पन्नासवर जाते. आपल्याकडे चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात सावलीतच ४५ असतं, डिकीची कल्पनाच करा. बाटलीच्या व्हॉल्व्हवर एक फुटणारी चकती असते, दाब हाताबाहेर गेला की ती फुटून वायू सोडते. तो गाडीच्या आत सुटू नये म्हणून तिथून बाहेर नळी काढायची. बाटली ड्रायव्हरच्या कप्प्यात असेल तर अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमात ती सक्तीची आहे. बाटली गरम करायला थर्मोस्टॅटचं ब्लँकेट चालतं, बाकी काहीही चालत नाही. टॉर्चच्या ज्योतीने बाटली तापवणारे लोक असतात. अशा माणसाच्या शेजारी गाडीसुद्धा लावू नका.

तिकडे गाडीसाठी मिळणाऱ्या नायट्रसमध्ये मुद्दाम थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात, दहा लाखांत शंभर भाग, म्हणजे कुणी हुंगायला गेलं तर घसा धरतो. हुंगण्याचं व्यसन शरीरातलं बी-१२ निकामी करतं, नसा जातात. ब्रिटनने २०२३ च्या नोव्हेंबरपासून नशेसाठी तो बाळगणं गुन्हा केलाय.

हे वाचून इथल्या कुणाला आपल्या गाडीत लावावंसं वाटलं तर आधी कायदा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलंय. कलम १८२ए खाली दर बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दाबाच्या सिलिंडरांचे नियम वेगळेच, ते पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत. हौस असेल तर अशा बंदिस्त जागी, ट्रेलरवर गाडी नेऊन. हायवेवर नाही. कॅलिफोर्नियातसुद्धा रस्त्यावरच्या गाडीला किट लावायचं तर तिथल्या हवा मंडळाचा सूट-क्रमांक किटवर लागतो.

भाच्याने शेवटी क्रम उलटा केला. आधी डायनो, मग नवा पंप, मग प्लग, स्विच, ट्यून, आणि दोन महिन्यांनी बाटली. ७५ च्या जेटवर तीन धावा मारून त्याने आठही प्लग काढले, वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि फोटो पाठवला. मी फोटो मोठा करून एकेक पाहिला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीच्या कणाएवढेसुद्धा चकाकते ठिपके नकोत. ते पिस्टनमधून उडालेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, नॉकिंग, म्हणजे मिश्रण ठिणगीची वाट न पाहता धाडकन पेटणं, सुरू झाल्याची पहिली चिठ्ठी. सात प्लग फिकट तपकिरी, स्वच्छ. आठव्यावर, कडेला, सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके होते.

खाली त्याने लिहिलं होतं, ‘सगळं ओके ना? आता शंभर टाकू?’

मी लिहिलं, ‘आठव्याचा फोटो उजेडात परत काढ. आणि टायमिंग आणखी एक डिग्री मागे घेतल्याशिवाय जेटच्या डबीला हात लावू नकोस.’